मास्तरांचं समंजस बाळ

मास्तर कपड्यांचं माप अचूक घेत, पण स्वतःबद्दल बोलताना दोन-चार वार जास्तच फाडत. वीस दिवसांचं पोर शिलाई मशीनशेजारी निजवून ते गिऱ्हाइकांना सांगत, “आमचा लेक भलताच समंजस. रडणं ठाऊकच नाही.”

या समंजसपणाचं मूळ एका रबरी चोखणीत होतं. बायकोचे सिझेरियनचे टाके अजून दुखत, शिवाय रात्रीचं जागरण. दुपारी तरी तिचा डोळा लागावा म्हणून मास्तर बाळाला बाहेरच्या खोलीत आणत. ते मुठी चोखायला लागलं, तोंड इकडेतिकडे वळवायला लागलं, की चोखणी तोंडात. मग तीन-तीन तास चिडीचूप. बायकोला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. चांगल्या कामाचा गाजावाजा कशाला?

आज दवाखान्यात नर्सबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. 

“जन्माच्या वजनापेक्षा अडीचशे ग्रॅम कमी. दिवसातून किती वेळा पाजता?”

“उठला की पाजते,” बायको म्हणाली. “पाच-सहा वेळा.”

“फारच कमी. डॉक्टर बहुतेक ॲडमिट करून घेतील.”

बायकोने मान खाली घातली. “माझंच दूध आटलंय. सासूबाई म्हणतात ते खोटं नाही.”

आईचं ते बोलणं मास्तर रोज ऐकत होते, वर मोठ्या मनाने बायकोची समजूतही घालत होते. आता तोंड मिटून बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. असा विचार आपल्या मनात आला याचीच त्यांना लाज वाटली.

“तुझा दोष नाही,” ते कसंबसं म्हणाले. “मुठी चोखायला लागला की मी त्याला चोखणी द्यायचो. रोज दुपारी. तुझी झोप मोडू नये म्हणून.”

नर्सबाई त्यांच्याकडे वळल्या. “मुठी चोखतो म्हणजे भूक लागलेली असते, मास्तर. बाळ कमी प्यायलं की दूधही कमी होतं.” मग बायकोला म्हणाल्या, “आधी त्याला घ्या. वारंवार पाजलंत की दूध वाढेल.”

बाळाने चार घोट घेतले आणि दमून डोळे मिटले. बायको त्याचा तळपाय चोळत राहिली.

“मी आत पडलेली असायचे, तेव्हा हा बाहेर उपाशी होता?”

“हो.”

“मला झोप कुठली लागायची? आधी-आधी तर दुधाने कपडे भिजायचे. मी जागीच असायचे, हा कधी रडतो याची वाट बघत.”