खंडेनवमीला न भरलेलं तेल

मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, की आमच्या मोटारीचं इंजिन दादाच्या हातून जळलं नाही. ते माझ्यामुळे जळलं. आणि हे कुणाला कळू नये म्हणून जे करायला लागतं तेही मी केलं. शांत डोक्यानं, भर दुपारी, सिन्नरच्या रस्त्याच्या कडेला.

एवढं लिहून झालं आहे, तर आता बाकीचंही लिहितो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नाशकात आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. पुढे गादीवर दादा बसतो, मागे कारखान्यात ठोकाठोकीकडे मी बघतो. वडील गेल्यापासून कामाची ही वाटणी आहे आणि ती आम्ही कधी बसून ठरवली नाही. मोटार आली तीही अशीच वाटली गेली. बदली होऊन जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून दादानं ती घेतली. काळी, चार दारांची, बंद टपाची. तिची उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या दारात सरलेली होती. आईनं तिला ओवाळलं, चाकांवर पाणी घातलं, आणि दादा मला म्हणाला,

"हे बघ, बॉनेटच्या आतलं तुझं, बाहेरचं माझं. मला तेलपाणी विचारायचं नाही. मी नुसती चालवणार."

"आणि बंद पडली तर?"

"तर तुझं नाव घेणार."

दादा चालवायला बसला की वेगळाच माणूस व्हायचा. दुकानात एकेक शब्द तोलून बोलणारा हा गृहस्थ स्टिअरिंग हातात आलं की गुणगुणायला लागायचा. समोर म्हैस आडवी आली तर तिच्याशी बोलायचा. "या बाई, आधी तुम्ही. आम्हाला काही घाई नाही." वहिनी मागच्या सीटवरून म्हणायच्या, "म्हशीशी जेवढं गोड बोलणं होतं तेवढं घरात झालं तर बरं." गिअर बदलताना गाडीला जरासुद्धा हिसका बसत नसे. माझ्या हातात ती गोडी कधीच नव्हती. मला ती चालवावीशी मात्र फार वाटे. हेही आजच सांगतो आहे.

मी इंजिनातच रमलो. कानानं कळायला लागलं की कुठला प्लग काजळला आहे, पेट्रोलच्या नळीत कचरा कुठे अडकला आहे. हळूहळू गावात बोलबाला झाला की भांडीवाल्यांच्या धाकट्याला मोटारीतलं कळतं. जुनी मोटार घेतलेला माणूस म्हणजे सतत काहीतरी विचारायचं असलेला माणूस. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर असे लोक जमायला लागले. अजूनही जमतात. आमच्या आळीतले डॉक्टर थंडीत हमखास येतात, सकाळी गाडी सुरू होत नाही म्हणून. मी सांगतो, रेडिएटरमध्ये कढत पाणी ओता, हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, नाहीतर उलटा झटका बसला की तुमचंच मनगट बांधायला दुसरा डॉक्टर शोधावा लागेल. तेल किती दिवसांनी बदलायचं? बोटावर घेऊन चोळून बघा, काळं चालेल, खरखरीत चालणार नाही. तेलाचा काटा हलत नाही, तो बदलावा का? आमचाही हलत नाही, काट्यावर विसंबू नका, सळई बुडवून बघत जा.

सायखेड्याचे एक बागाईतदार यायचे. त्यांची गाडी पावसाळा संपला की तापायची.

"पानी पिती हो, बैलावानी पिती. तरी गरम. लय गरम."

"पाणी कुठलं घालता?"

"गोदावरीचं. दारातच तं हाय."

"श्रावणातसुद्धा? पूर आलेला असताना?"

"मंग? नदीला काय सुट्टी ऱ्हाती?"

"अहो, ते गढूळ पाणी. तुमच्या रेडिएटरमध्ये गाळाचा वाफा तयार झाला असेल."

"मंग कांदं लावतो त्येच्यात," ते म्हणाले, आणि ओटाभर हशा झाला. दादा कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेला असे, तोही हसला. मग मी त्यांना सोड्याच्या पाण्यानं रेडिएटर धुवायचं शिकवलं आणि विहिरीचं पाणी गाळून घालायला सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी पाटीभर वांगी आणली.

तर असा मी. लोकांना सळई बुडवून बघा म्हणून सांगणारा.

आमच्या धंद्यात खंडेनवमी मोठी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यातले हातोडे, ऐरणी, कातऱ्या घासून लख्ख करायच्या, पाटावर मांडायच्या, त्यांना हळदकुंकू वाहायचं. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. आमचे कारागीर हा नियम इतका पाळतात की त्या दिवशी कुणाच्या चपलेचा खिळा वर आला तरी तो तसाच टोचत ठेवतात. मोटार आली तेव्हापासून आईनं तिची हत्यारंही या पूजेत घेतली.

त्या वर्षी मी ठरवलं की खंडेनवमीला इंजिनही आतून स्वच्छ करायचं. सकाळी खालचा बोल्ट काढून जुनं तेल सोडलं. थोडं पातळ तेल घालून इंजिन धुतलं, तेही सोडलं. बोल्ट घट्ट केला. नवीन तेलाचा डबा आणून ठेवलेला होता, तो घ्यायला आत गेलो, तर आईनं तो पान्यांच्या आणि नरसाळ्याच्या शेजारी पाटावर मांडला होता. डब्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

"आई, हा लागतो मला."

"आता उद्या. एक दिवस नाही चालवली गाडी तर काय उपाशी मरणार आहे ती?"

मला पटलं. खरं म्हणजे मी दमलो होतो. म्हटलं, उद्या उत्तरपूजा झाली की भरू. दादाला सांगायचं डोक्यात आलं नाही, कारण आतलं माझं होतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला मुहूर्तानं भांडी घेणाऱ्यांची झुंबड असते. उत्तरपूजा झाली तेव्हा मी दुकानात होतो. दुपारी गर्दी ओसरल्यावर दादा मला गादीवर बसवून घरी गेला. मुलांनी हट्ट धरला होता की यंदा सीमोल्लंघन मोटारीतून करायचं, शिवेपर्यंत पायी जायचं नाही. मला हे ठाऊक नव्हतं. नंतर मी जेवायला घरी गेलो. अंगणात गाडी नव्हती. देवघरासमोर पाट तसाच होता आणि पाटावर तेलाचा डबा.

मी जेवलो नाही. डबा सायकलच्या दांडीला बांधला आणि निघालो. इथवर माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकतो. वाटेत प्रत्येक वळणावर वाटायचं, गाडी उभी दिसावी, दादानं रागावून म्हणावं, काय रे गाढवा, तेल नाही घातलंस?

गाडी दिसली ती गाव बरंच मागे पडल्यावर. सिन्नरच्या रस्त्यावर, लिंबाखाली, बॉनेट वर केलेलं. जवळ कुणी नव्हतं. पलीकडे मळ्यातल्या विहिरीवर सगळी मंडळी पाणी प्यायला गेली होती, मुलांचे आवाज येत होते. मी हँडल फिरवून बघितलं. फिरेना. इंजिन धरलं होतं. आता त्यात तेल घालून काही उपयोग नव्हता.

आणि तरी मी घातलं. नरसाळं नव्हतं, तसंच हळूहळू ओतलं, बाहेर सांडलेलं रुमालानं पुसलं. डबा कडेच्या घायपातात खोल फेकला. मग सायकलला टेकून उभा राहिलो. हे सगळं मी जराही घाई न करता केलं. पुढे कितीतरी वेळा मला तेच आठवलं.

दादा विहिरीकडून आला, ओल्या पंच्यानं तोंड पुसत.

"तू कसा रे आलास?"

"म्हटलं, उशीर झाला."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळेपणा होता. तो म्हणाला, "प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं धूळ उडवली तोंडावर. पोरं म्हणाली, काका असते तर मागे टाकली असती. मीही म्हटलं, बघू या. टाकली मागे. पण मग ठकठक सुरू झाली आणि..."

एका मळेवाल्यानं बैलजोडी दिली. संध्याकाळी आमची मोटार बैलांमागे गावात शिरली. दसरा असल्यामुळे सगळं गाव रस्त्यावर होतं. "काय शेठ, पेट्रोल महागलं वाटतं?" कुणीतरी म्हणालं. दादानं हसून हात जोडले.

रात्री घरात सोनं वाटलं. मी दादाच्या हातात आपट्याची पानं देऊन पायाशी वाकलो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "माझ्या हातून झालं का रे ते?"

साऱ्या गावाला मोटारीबद्दल उत्तरं देणारा मी. वाकलो होतो तो जरा जास्तच वेळ वाकून राहिलो. मग म्हणालो, "जुनी गाडी आहे, दादा. होतं असं."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. जुन्या गावातले, आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी खाली निजून इंजिन उघडलं. बेअरिंगचा मऊ धातू वितळून गेला होता. त्यांनी थाळ्यात काढलेल्या तेलात बोट बुडवलं.

"तेल तर भरपूर आहे, शेठ. नवंकोरं. यात धाकट्या भाऊंची काही कसूर नाही." मग दादाकडे बघून मिश्किल हसले. "म्हातारी घोडी रेसला नेली काय?"

सगळे हसले, दादाही. तेल मी सोडलं होतं हे त्याला ठाऊक असतं तर तो हसला असता की नाही, कोण जाणे. इंजिन दुरुस्त होऊन आलं त्या दिवशी त्यानं गाडीची किल्ली माझ्या खोलीतल्या खुंटीला अडकवली. "बाहेरचंही आता तूच बघ," म्हणाला. "माझा हात जड आहे."

त्यानंतरची वर्षं वाईट गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती चांगली गेली. मी गाडी चालवायला लागलो आणि मला आवडलं. पुतणीच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला गेलो तेव्हा परतीच्या वाटेवर तिन्हीसांजेला उजव्या हाताला अंकाईचा डोंगर, मागे बायकांच्या गप्पा, कुणीतरी चिवड्याची पुडी पुढे सरकवतं आहे, इंजिन घड्याळासारखं चाललं आहे. त्या वेळी मी सुखी होतो. दादा शेजारी बसलेला होता. वळण आलं की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जिथे ब्रेक नव्हता तिथे. मी ते बघायचो आणि गाडी चालवत राहायचो. वहिनी मागून म्हणायच्या, "भावजी, सावकाश हं. आमच्या घरात शर्यतीची हौस एकदा फिटली आहे." दर दसऱ्याला पानावर बसल्यावर ती गोष्ट निघते. मुलं आता मोठी झाली, तीच रंगवून सांगतात, सर्व्हिस मोटार, धूळ, बैलजोडी. दादा सगळ्यांच्या आधी हसतो. मी वाढायला उठतो.

मागच्या रविवारी ओट्यावरचे लोक उठून गेले. दादा एकटा राहिला होता. शेंगांची टरफलं मुठीत गोळा करत तो म्हणाला, "एक विचारू का? तू सगळ्यांना सांगतोस म्हणून विचारतो."

"विचार की."

"आता गाडीही म्हातारी आणि मीही. पहाटे रस्ता रिकामा असताना गंगापूरच्या बाजूला थोडी चालवून बघावी म्हणतो. झेपेल का तिला? म्हणजे माझ्या हातात?"

त्यानं हे किती दिवस मनात ठेवलं असेल, मला सांगता येणार नाही. झेपेल, असं म्हणणं सोपं होतं आणि खरंही होतं. पण नुसतं झेपेल म्हटलं असतं तर त्यानं ते भावानं दिलेली समजूत म्हणून घेतलं असतं, आणि पाय जपून, मान खाली घालून, गुन्हेगारासारखी गाडी चालवली असती. ज्या हातांत दोष नव्हता त्या हातांना माझी परवानगी कशाला? मी म्हणालो, "बघू." दादा "बरं" म्हणाला आणि टरफलं टाकायला उठला. त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यानं बहुतेक तेच उत्तर गृहीत धरलं होतं.

हे लिहिताना तो खालच्या मजल्यावर आहे. जिना उतरलो की त्याची खोली. मी दादाला अजून एवढं देणं लागतो: दसऱ्याच्या पानावर, वहिनी आणि मुलं ऐकत असताना, सांगायचं की त्या दिवशी इंजिनात तेल नव्हतं, ते भरायचं काम माझं होतं, आणि नंतर ते मी ओतलं.