एक लाइन, एक काठी

किस्से काही कोणी जमवायला बसत नाही, ते साचतात. आमच्याकडे तर जरा जास्तच साचलेत, कारण सांगणारी माणसं एकेक करून गेली आणि त्यांच्या वाटचे किस्सेही आमच्याच गळ्यात पडले. नई सडकेवरच्या चहाच्या दुकानात दर रविवारी सकाळी आम्ही आठ जण बसायचो. दोन बाकं लागायची. आता एकाच बाकावर जागा उरते. दुकानवाला अजून सवयीने विचारतो, "कितनी?" आणि मीही अजून सवयीने मागे वळून मोजतो.

ग्वाल्हेरात 'छोटी लाइन' म्हटलं की लोकांना श्योपूरची गाडी आठवते, टपावर माणसं घेऊन जाणारी. आमची ती नव्हे. आमची तिच्याहूनही गरीब. टेकडीतल्या खाणीतून दगड उचलायचा आणि दोन फुटी रुळांवरून आमच्या फरशीच्या कारखान्यात आणून टाकायचा, एवढंच तिचं काम. एक इंजिन आणि दहा-बारा डबे. इंजिन बाबूराव चालवायचे. रूळ रामसेवक आणि त्याची गँग सांभाळायची. कारखान्याच्या टोकाला यार्डाच्या खोलीत रजिस्टर घेऊन मी बसायचो. मला सगळे नाना म्हणतात.

पुढचं कळायला आमची काठी माहीत हवी. लाइन एकेरी होती. तिच्यावरून बाबूरावांची गाडी जायची आणि रामसेवकची ढकलगाडीही जायची. दोघं समोरासमोर आले तर? म्हणून हातभर लांबीची एक शिसवी काठी होती. तिला पितळी पट्टी, पट्टीवर कोरलेलं 'कारखाना ते खाण'. पहिले मालक मराठी होते, तेव्हाची ती पट्टी. ज्याच्या हातात काठी त्याची लाइन, बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. काठी देतानाही रीत होती. देणाऱ्याने ती दोन्ही हातांनी धरून ठेवायची, घेणाऱ्याने पट्टी मोठ्याने वाचायची, मगच देणाऱ्याने सोडायची. गाडी शेवटच्या डब्यासकट आत आली, की काठी माझ्याकडे. मी ती खिळ्याला टांगायचो आणि रजिस्टरात 'काठी मिळाली' लिहून सही करायचो.

*

बाबूरावांची गाडी किती वेगाने धावायची, हे त्यांच्या बायकोला विचारावं. म्हणजे विचारता आलं असतं. वहिनी जाऊन आता बरीच वर्षं झाली.

लाइन त्यांच्या मोहल्ल्याच्या मागून जायची. वहिनी डबा घेऊन रुळाशी उभ्या राहायच्या आणि चालत्या इंजिनात डबा द्यायच्या. त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की सकाळचं भांडण अर्धवट राहिलेलं असलं तर त्या इंजिनाच्या बरोबरीने चालत पुढच्या फाटकापर्यंत यायच्या आणि ते पुरं करूनच परत फिरायच्या! बाबूरावांना इंजिन सोडून पळता यायचं नाही. आम्ही एकदा म्हटलं, जरा वेग वाढवा की. तर म्हणाले, "वाढवला असता. पण मग डबा कोण देणार?"

वहिनी गेल्या त्या महिन्यातही गाडी त्या जागी हळू व्हायची. 

*

बाहेरून एक नवे साहेब आले होते. शिकलेले, घाईचे. एकदा माल तातडीने हवा होता, इंजिन कारखान्यात तयार उभं, आणि काठी राहिली होती खाणीच्या टोकाला. रामसेवक सकाळी ढकलगाडी घेऊन गेला होता आणि जेवायला तिथेच बसला होता.

साहेब म्हणाले, इंजिन पूर्ण लाइनीवर एकच आहे, टक्कर कोणाशी होणार आहे? बाबूराव इंजिनातून उतरले, सावलीत जाऊन बसले आणि म्हणाले, "साहब, इंजन एक है, पर रामसेवक भी तो एक ही है."

शेवटी साहेबांनी आपली जीप काठी आणायला पाठवली. पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी काठी बसून आली, आणि तिला पोचवायला आलेला रामसेवक मागे, उकिडवा! पुढे काठी का, असं विचारलं तर म्हणाला, लाइन तिच्या नावावर आहे, माझ्या नाही.

*

आता या रामसेवकला वाचता येत नव्हतं. पण पट्टी मोठ्याने वाचायची रीत, म्हणून त्याने ती पाठ केली होती. 'कारखाना ते खाण' ही त्याला येणारी एकमेव मराठी, आणि ती तो अशी ठणठणीत म्हणायचा की पाहुण्यांना वाटायचं हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच कोणा मराठी घरातला.

एका जानेवारीत धुकं असं, की स्वतःचे बूट दिसेनात. बाबूरावांनी गंमत म्हणून काठीऐवजी लोखंडी पहार त्याच्यापुढे धरली. रामसेवकने पहारीकडे बघून खणखणीत आवाजात वाचलं, "कारखाना ते खाण!"

सगळे हसले. बाबूराव हसले नाहीत. ते मला नंतर म्हणाले, "नाना, हा आंधळ्यासारखा लाइनीवर जाऊन राहिलाय आणि मी गंमत करून राहिलोय." दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत गाडीच्या डब्याच्या पत्र्यावर खडूने अक्षरं काढून त्यांनी रामसेवकला शिकवायला सुरुवात केली. वर्ष लागलं. ज्या दिवशी त्याने पट्टी खरोखर वाचली, त्या दिवशी तो अडखळत अडखळत वाचत होता, आणि बाबूराव काठी घट्ट धरून त्याचं पुरं व्हायची वाट बघत होते. मला इतक्या वर्षांत त्या दोघांचा एवढा हेवा कधी वाटला नाही.

*

मग ट्रक स्वस्त पडायला लागले आणि लाइन बंद झाली. शेवटच्या दिवशी इंजिनाला झेंडूच्या माळा, पेढे, फोटो. गाडी आत आली. मी खोलीच्या दारात उभा राहिलो, काठी घ्यायला. बाबूरावांनी ती दिली नाही.

म्हणाले, एक डबा मागे आहे. खरंच होता. आस मोडलेला एक डबा खाणीच्या टोकाला राहिला होता आणि तो आणायची कोणाला गरज वाटली नव्हती. "शेवटचा डबा आत आल्याशिवाय लाइन मोकळी होत नाही, नाना. आणि लाइन मोकळी झाल्याशिवाय काठी देत नसतात." एवढं बोलून त्यांनी काठी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातली आणि चालत घरी गेले. नियमाने त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

साहेब माझ्याकडे वळले. त्यांना कागद पुरा करून वर पाठवायचा होता. म्हणाले, "नानाजी, साइन करो और घर जाओ, लकड़ी ही तो है."

मी सही केली. 'काठी मिळाली', खाली तारीख, खाली माझं नाव. कोणी धमकी दिली नव्हती, कोणी हात पिरगाळला नव्हता. मला घरी जायला बाड्याकडे जाणारा टेम्पो पकडायचा होता, एवढंच कारण. इतक्या वर्षांनी दुसरं एखादं बरं कारण शोधावं म्हटलं तर ते सापडत नाही.

त्या सहीवर लाइन मोकळी झाली आणि पंधरवड्यात ठेकेदाराची माणसं रूळ उखडायला लागली. बाबूराव काठी घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले, असं रामसेवकने मला सांगितलं. लाइन मोकळी नाही, काठी माझ्याकडे आहे, रुळाला हात लावायचा नाही. मग ठेकेदाराच्या मुनशीने त्यांना कुठलासा कागद दाखवला. "कागज देखा, और चुप हो गए," रामसेवक म्हणाला.

कुठला कागद, हे मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी बाबूराव चहाला आले, माझ्या शेजारी बसले आणि बशीत ओतलेला अर्धा चहा नेहमीसारखा माझ्याकडे सरकवला.

*

आता काय उरलंय म्हणाल, तर बघायची नजर हवी. रामसेवक नया बाजारातून चालतो तो मान वर करून. या दुकानाच्या छताला तुळई म्हणून आपला रूळ, त्या जिन्याखाली आपला रूळ. एका सोनाराकडे बायको पैंजण बघत होती आणि हा छताकडे बघून म्हणाला, हा तुकडा नाल्यावरच्या वळणाचा, एका बाजूने घासलेला आहे. सोनाराने घाबरून गिऱ्हाइकांना बाहेर काढलं!

कारखान्याच्या जागी मॅरेज गार्डन झालंय. दारात आमचं इंजिन चबुतऱ्यावर उभं आहे, अंगावर गुलाबी रंग आणि लाइटच्या माळा. बाबूरावांच्या भाच्याचं लग्न नेमकं तिथेच निघालं. बाबूराव कोट घालून आले आणि आत जायच्या आधी इंजिनावर चढले. हँडब्रेक ढिला होता, तो आवळला. मग खाली उतरून चाकाखाली दोन विटा लावल्या. चौकीदार धावत आला, म्हणाला, अंकल, ये चलता नहीं है.

"चलने वाले का भरोसा होता है, बेटा," बाबूराव म्हणाले. "खड़े वाले का नहीं."

हात काळे तसेच घेऊन ते पंगतीला बसले. आहेर कोटाच्या खिशातच राहिला, तो मी दुसऱ्या दिवशी पोचवला.

आणि खाणीच्या टोकाचा तो एक डबा. तो मात्र जागचा हलला नव्हता, कारण ट्रकचा रस्ता खाणीच्या दुसऱ्या बाजूने, तिथवर ट्रक जात नाही. दर खंडेनवमीला बाबूराव, रामसेवक आणि मी ऑटो करून जायचो, पुढचं चालायचो. डब्यातून बाभूळ उगवली होती. बाबूराव त्याला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि म्हणायचे, "आहे अजून. लाइन मोकळी नाही." रामसेवक मान हलवायचा. मी खोबऱ्याचे तुकडे करायचो. दरवर्षी वाटायचं, आज सांगून टाकावं. दरवर्षी नारळ संपायचा आणि आम्ही परत फिरायचो.

*

यंदा बाबूरावांना येता आलं नाही. पावसाळ्यात त्यांची डावी बाजू गेली होती. मलाही गुडघ्याने धरलं होतं, म्हणून रामसेवक एकटाच नारळ घेऊन गेला. रविवारी तो दुकानात आला तो नारळ तसाच पिशवीत. डबा नव्हता. बाभूळ बुंध्याशी कापलेली, गॅसने पत्रा कापल्याच्या काळ्या खुणा, आणि काही नाही. "तुम ही बताना, नानाजी," तो म्हणाला. "हमसे ना कही जाएगी."

मी गेलो. बाबूराव पलंगावर उशीला टेकून बसले होते, सून ताटलीतून मऊ भात भरवत होती. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. त्यांनीच विचारलं, "रामसेवक जाऊन आला?"

"आला."

"मग?"

"डबा नाहीये, बाबूराव. नेला कोणीतरी."

त्यांनी पुढचा घास हाताने बाजूला केला. मग विचारलं, "चाकंपण?"

"चाकंपण."

त्यांनी सुनेला देवघराकडे बोट केलं. तिने देवांच्या मागून काठी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ताटली घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. पट्टी लखलखीत होती, परवाच घासल्यासारखी. त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून काठीवर ठेवला, मग उजवाही ठेवला, आणि काठी माझ्यापुढे केली.

"मागे काही राहिलं नाही. लाइन मोकळी आहे. घे, नाना."

माझ्याने हात पुढे करवेना. म्हटलं, "बाबूराव, एक सांगायचं राहिलंय. सही मी त्याच दिवशी..."

"बघितली होती," ते म्हणाले. "मुनशीने दाखवली होती. अक्षर तुझं चांगलं आहे." मग म्हणाले, "आता घे, म्हणजे ती खोटी राहणार नाही."

मी काठी धरली. त्यांनी सोडली नाही. मग मला रीत आठवली. मी पट्टीकडे बघितलं आणि वाचायला लागलो, पण आवाज मध्येच बसला.

"नीट वाच," बाबूराव म्हणाले.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 'कारखाना ते खाण'. मोठ्याने, अगदी सुनेला स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तेव्हा त्यांनी सोडली.