बसायची सोय

गजराबाईंना एखादी गोष्ट आतून कशी असते ते कळल्याशिवाय चैन पडत नसे. घरचा मिक्सर बिघडला तेव्हा त्या तो घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेल्या, तिथंच स्टूल ओढून बसल्या आणि "ही तांबडी तार कुठं जाती? अन् ही नाय जोडली तर काय हुतंय?" असं विचारून विचारून त्यांनी त्या बिचाऱ्या दुकानदाराला घाम फोडला. जन्म बेंबळीच्या धनगराघरचा, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. नवरा धाराशिवला एका कचेरीत शिपाई होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी गजराबाई लागल्या. साहेबाच्या चहात साखर किती इथपासून साहेबाची बदली कुठं होणार इथपर्यंत सगळी खबर त्यांना असायची. लोक कंटाळत, पण सांगत. कारण बाईंच्या विचारण्यात खोट नसायची, नुसतं कुतूहल असायचं.

त्यांची एकुलती एक लेक प्रतीक्षा. तिचं लग्न सोनारीच्या समर्थशी ठरलं. मुलगा पुण्यात कारखान्यात नोकरीला, घर चांगलं, माणसं मोजकं बोलणारी. दुपारी लग्न आणि संध्याकाळी त्याच कार्यालयात रिसेप्शन, असा बेत होता. गजराबाईंच्या मनात एकच भीती होती. त्यांच्या स्वतःच्या लग्नात वऱ्हाडाला चहा कमी पडला होता, आणि सासूबाई मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या इहिनीकडं चहासुदिक पुरला न्हाय बगा." ते ऐकताना चुलीपुढं बसलेल्या सुनेच्या काळजाला काय होई ते तिचं तिलाच ठाऊक. प्रतीक्षाला तर बापही नव्हता. तिला असलं एकही वाक्य आयुष्यात ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी गजराबाई जिवाचं रान करत होत्या.

अशात एक दिवस नवऱ्यामुलाच्या वडिलांचा, रामहरी पाहुण्यांचा फोन आला.

"इहीनबाई, आमचं मागणं काय न्हाय. फकस्त संध्याकाळी आमच्या जुन्या माणसांची बसायची सोय तेवढी नीट करा."

"व्हय, व्हय. करू की," गजराबाई म्हणाल्या. जिभेवर चार प्रश्न आले होते, ते त्यांनी गिळले. मुलीकडच्यांनी उलट विचारायचं नसतं.

फोन स्पीकरवर होता आणि शेजारी त्यांचा दीर बिराप्पा बसलेला. फोन बंद झाला तसा तो मिशीत हसला. आता आमच्याकडे 'बसणं' या साध्यासुध्या शब्दाला दोन अर्थ आहेत हे सांगितलंच पाहिजे. "काल बसलो होतो" असं कुणी आवाज उतरवून सांगितलं, तर तो खुर्चीवर बसला की सतरंजीवर हे कुणी विचारत नाही. समोर बाटली होती एवढं समजून घेतात.

"वैनी, कळलं का पाव्हणं काय म्हणलं?" बिराप्पा म्हणाला. "बसायची सोय! ह्यो जिम्मा माज्याकडं द्या. तुमी बिनघोर ऱ्हावा."

गजराबाईंनी दिराकडे नीट पाहिलं. हा जिम्मा बिराप्पाकडे दिला तर हळदीच्या आधीच सगळा माल पोटात जाऊन बसेल, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

"भावजी, तुमी मांडवाचं बगा," त्या म्हणाल्या. "ह्ये मी बगते."

प्रतीक्षानं डोक्याला हात लावला. "आई, तू बार टाकणार? मी समर्थला एकदा विचारून घेऊ का, नक्की काय पाहिजे ते?"

"खबरदार! पोरीनं इचारायचं असतंय व्हय असलं?"

झालं. नवरा माळकरी, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. ज्या घरात कधी बाटली आली नाही त्या घरातल्या बाईनं बार मांडायला घेतला. भीती होती, लाजही होती, पण खरं सांगायचं तर आतून त्यांना मोठी गंमत वाटत होती. एवढी माणसं जिच्यापायी खुळी होतात तिच्यात असतं तरी काय, हे बघायची संधी आयतीच चालून आली होती.

गल्लीत उत्तरेश्वर नावाचा एक जण राहायचा. परमिट रूममध्ये वेटर. गजराबाईंनी त्यालाच धरलं. तो सकाळी दात घासायला ओट्यावर आला की ह्या हजर.

"मला सांग, किती आणायची?"

"मावशी, शंभर माणसं आली तर निम्मी पीतच न्हाईत. पिणाऱ्यातली निम्मी एका गिलासावर उठत्यात. उरलेल्यांचा अंदाज धरायचा. अन् न फोडलेल्या बाटल्या माघारी घ्यायचं दुकानदाराकडनं आधीच कबूल करून घ्यायचं."

"अन् बर्फ?"

"बर्फ दुप्पट. दारू सरली तर माणूस गप घरी जातंय. बर्फ सरला तर भांडतंय."

"अन् ते खारे शेंगदाणे, फुटाणे, चिवडा कशाला?"

उत्तरेश्वर विचारात पडला. इतकी वर्षं तो चखणा वाढत आला होता, पण कशाला हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "खारट खाल्लं की आणखी प्यावं वाटतंय, मावशी."

"अगं बया! मंजे मेंढरांना मीठ चाटवतो तसंच की!" गजराबाई खूश झाल्या. मेंढरं पाणी पीत नसली की त्या स्वतः मिठाचा खडा पुढं करत असत. आता त्यांना हा धंदा बराचसा ओळखीचा वाटायला लागला.

सोडा फसफसतो का, बिअर थंड आणि व्हिस्कीत बर्फ वेगळा का, रमचा रंग काळा कशानं, सगळं विचारून झालं. एकदा तर उत्तरेश्वरनं दाखवायला आणलेल्या बाटलीच्या झाकणात त्यांनी करंगळी बुडवून जिभेला लावली आणि थू थू करत मोरीकडे पळाल्या. "कडू झार! ह्यापरीस लिंबाचा पाला काय वाईट हुता?"

कार्यालयवाल्यानं सांगितलं, परवाना आणा, मगच मागची खोली देतो. एक दिवसाचा परवाना मिळतो हेही गजराबाईंनी शोधून काढलं आणि अर्ज घेऊन त्या संबंधित कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, मग बाईंकडे पाहिलं.

"परवाना कुणाच्या नावानं काढायचा?"

"माज्याच."

"घरात पुरुष माणूस नाही का?"

"हाय की. म्हणून तर माज्या नावानं."

वाढायला माणूस ठेवायचा नाही हेही त्यांनीच ठरवलं. वाढणारा लोकांना कमी वाढणार आणि स्वतः जास्त पिणार. त्यापेक्षा ज्याचं त्यानं ओतून घ्यावं. पण मग माप? कचेरीत पाण्याच्या पिंपाला पेला साखळीनं बांधलेला असतो, तो रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असायचा. त्यांनी पेगचं स्टीलचं माप सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधून टाकलं. माप जागचं हलायला नको आणि बाटली मापाबाहेर तिरकी व्हायला नको.

रिसेप्शनच्या दिवशी मागच्या खोलीचं रूपच पालटलं. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, भोवती खुर्च्या, एका कडेला बाटल्या उंचीप्रमाणे ओळीत, टबात बर्फ, लिंबाच्या फोडी, सोड्याचे क्रेट, ताटल्यांमध्ये चखणा. गजराबाईंनी दारात उभं राहून पाहिलं आणि त्यांना फार अभिमान वाटला. कुणीही यावं आणि कमी काय आहे ते सांगावं.

संध्याकाळी सोनारीहून दुसऱ्या गाडीनं जुनी माणसं आली. पागोटी, घोंगड्या, हातात काठ्या. समोरच्या हॉलमध्ये बुफे मांडला होता, लोक ताटं घेऊन उभ्यानं जेवत होते. रामहरी पाहुणे गजराबाईंना शोधत आले. "इहीनबाई, बसायची सोय कुठं केलीय?"

"या की, मागं हाय," गजराबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांना घेऊन गेल्या.

रामहरी दारातच थांबले. बाटल्यांच्या रांगेवरून नजर फिरली, मग सुतळीनं बांधलेल्या मापावर येऊन थांबली.

"ह्ये काय हाय?"

"बसायची सोय. तुमी म्हणला हुता न्हवं?"

"इहीनबाई," रामहरी सावकाश म्हणाले, "म्या खुर्च्या म्हणलो हुतो."

गजराबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"मागं एका लग्नात आमाला असंच उभ्यानं जेवाय लावलं," रामहरी सांगत होते. "थोरला भाऊ जलमभर मेंढरामागं चालला, गुडगं गेल्यात त्याचं. हातातलं ताट पडलं अन् पोरंटोरं हसली. म्हणून म्हणलो, जुन्या माणसांची तेवढी सोय करा."

बाहेर बिराप्पा घुटमळत होता. अर्थ त्यानंच लावला होता, त्याचं नाव घेतलं असतं तर निभावून गेलं असतं. पण गजराबाईंनी ते केलं नाही. "चूक माजी हाय, पाव्हणं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं काही सुचेना म्हणून कामाला लागल्या. बाटल्या भिंतीतल्या कपाटात गेल्या, कपाटाला कुलूप, किल्ली कनवटीला. टेबलं होती, खुर्च्या होत्या, चादरी होत्या. बघता बघता जुनी माणसं ऐसपैस बसली, पुढं गरम जेवण आलं. गजराबाईंनी प्रत्येकाला लिंबू पिळून, मीठ घालून थंडगार सोडा दिला. थोरल्या भावानं असा ढेकर दिला की सगळी खोली हसली. बिराप्पा मात्र त्या कपाटासमोरून उगाचच येरझाऱ्या घालत होता.

जेवणं उरकल्यावर रामहरी गजराबाईंजवळ आले. अजून त्यांची नजर त्या मापावर होती. "एवढं समदं तुमाला कुणी शिकवलं?"

"इचारत गेले. शेजाऱ्याला इचारलं, दुकानदाराला इचारलं, कचेरीत जाऊन इचारलं."

"समद्या गावाला इचारलं. अन् मला?"

"पोरीकडच्यांनी इचारायचं नसतंय, पाव्हणं."

"असं कुणी सांगितलं?"

गजराबाईंनी खरंच आठवून पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं. जगातल्या सगळ्या गोष्टी उलगडून बघणाऱ्या बाईनं ही एकच गोष्ट आजवर कधी उलगडून बघितली नव्हती.

"मग आता एक इचारते," त्या म्हणाल्या.

"इचारा की."

"आजची ही गोष्ट माज्या पोरीला ऐकवताल का तुमच्या घरात?"

रामहरींनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला. बाई काय विचारते आहे ते त्यांना कळलं होतं. त्यांनाही बहिणी होत्या.

"ऐकवणार," ते म्हणाले. "एवढी झकास गोष्ट सोडतो व्हय मी? पण पोरीला न्हाय. तुमी सोनारीला येताल, तवा दर खेपंला तुमाला बसवून, समद्यांम्होरं, तुमालाच ऐकवणार."

गजराबाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. पदरानं ते पुसून, नाक ओढून त्यांनी विचारलं, "सोनारीला सकाळची यष्टी किती वाजता असती?"