पनवेलच्या हवेतला आवाज

अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, आमच्या वर्गात शास्त्र घेतलेल्या मुली दोनच होत्या. एक वकिलांची मुलगी आणि दुसरी मी, कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी विकायची. शास्त्राचे सर शिकवायचे छान, पण त्यांना उलट विचारलेलं खपत नसे. मुलीनं विचारलेलं तर मुळीच नाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात, पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत त्यांनी आम्हाला ध्वनीचा वेग काढायला लावला. पाण्यानं भरलेल्या उंच भांड्यात काचेची नळी उभी धरायची, पोलादी नादकाटा रबरावर आपटून नळीच्या तोंडाशी न्यायचा आणि नळी सावकाश वर उचलायची. एका ठिकाणी आतली हवा एकदम घुमायला लागते. तिथं थांबून पाण्यावरच्या नळीची लांबी मोजायची आणि तिच्यावरून वेगाचं गणित मांडायचं; लांबी जास्त, तर वेग जास्त. तो घुमणारा आवाज मला इतका आवडला की माझी वेळ संपली तरी मी नळी सोडेना.

माझं उत्तर आलं सेकंदाला साडेतीनशे मीटर. पुस्तकात होतं तीनशे बत्तीस. इतरांचीही उत्तरं माझ्याच आसपास होती, पण त्यांनी मुकाट्यानं लांबी खोडून कमी केली आणि तीनशे बत्तीस जुळवलं. वकिलांच्या मुलीनंही तेच केलं.

सर माझ्यापाशी थांबले. "कुठंतरी चुकलीस. लांबी कमी करून लिही."

"पण सर, लांबी एवढीच होती. मी तीनदा मोजली."

"मग काय पुस्तक चुकलं?"

"ते मला नाही माहीत. मी मोजलं ते लिहिलंय."

वर्गात कोणीतरी खुसखुसलं. सर म्हणाले, "दुरुस्त करशील तेव्हा प्रयोगाला ये. तोवर बाहेर."

मी बाहेर उभी राहिले. पुढच्या तासालाही, त्याच्या पुढच्यालाही. व्हरांड्यातून आतला प्रयोग दिसायचा. एक आकडा खोडला असता तर आत बसता आलं असतं. पण खोडायचं म्हटलं की हातच चालेना. माझ्या कानांनी ऐकलं होतं, माझ्या डोळ्यांनी मोजलं होतं.

शेवटी हेडमास्तरांनी आईला बोलावलं. आई बाजारातून तशीच आली, मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून आत उभी राहिली. हेडमास्तर संस्कृत शिकवायचे. शास्त्रातलं त्यांना फारसं कळत नसे. सर म्हणाले, "साधी एक दुरुस्ती करायची होती. एवढा उर्मटपणा?"

आईनं विचारलं, "खोटा बोलली काय ती?"

"खोटं नाही हो, पण..."

"मंग उर्मट कशी? जेवरा मोजला तेवराच लिवला तिनी. आमी तिला खोटा लिवायला नाय सांगनार."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. बाहेर उभं राहून दुसरं काय करणार, तो धडा मी पुन्हापुन्हा वाचला होता. तीनशे बत्तीसच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. ती मी हेडमास्तरांना दाखवली आणि सरांकडे वळले.

"सर, हा आकडा शून्य अंशाच्या हवेचा आहे, बर्फाइतक्या थंड. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, हेही पुढच्या पानावर दिलंय. आपल्या पनवेलला शून्य अंश कधी असतं?"

हेडमास्तरांनी पंच्यानं कपाळ पुसलं आणि ते मोठ्यानं हसले. "उद्यापासून ती आत बसेल," ते म्हणाले.

सरांनी माझ्या प्रयोगवहीवर सही केली. दहापैकी चार गुण दिले.

"सहा कशाचे कापले, सर?"

"उद्धटपणाचे."

"चालतील," मी म्हणाले.

पुढच्या प्रत्येक प्रयोगात मी मोजलं तेच लिहिलं. सर दर वेळी गुण कापायचे. मॅट्रिकला मी शास्त्रात पास झाले, आणि सरांनी गृहशास्त्र सुचवलं तरी कॉलेजात शास्त्रच घेतलं.

पण मला खरा आनंद झाला तो त्याच वर्षी, पितळेची घनता काढायच्या दिवशी. वकिलांच्या मुलीचं उत्तर पुस्तकाशी जुळेना. तिनं खोडरबर उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि ते कंपासपेटीत ठेवून दिलं. सरांनी तिचेही गुण कापले. आम्ही दोघी त्यांच्यासमोरच हसलो.