धोंड्याचं वाण म्हणून भरलेली टाकी

मी जावयाच्या स्पोर्ट्स कारमध्ये साधं पेट्रोल भरलं. थोडंथोडकं नाही, टाकी गळ्यापर्यंत. भर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. उलट कुठलं पेट्रोल घालायचं ते टाकीच्या झाकणाच्या आत आकड्यानिशी छापलेलं होतं, आणि ते मी चष्मा लावून वाचलं होतं.

अधिक महिना होता. या महिन्यात लेक-जावयाला बोलवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. तेहतीस अनारसे, कपडे, चांदीचं निरांजन, सगळं बायकोनं करून ठेवलेलं. त्यात माझं असं काही नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण जावयाचं नि माझं बोलणं म्हणजे मी दहा वाक्यं बोलायची आणि त्यानं 'हो मामा' म्हणायचं. डाळिंबावर यंदा तेल्या रोग पडला म्हटलं तरी 'हो मामा', नाही पडला म्हटलं तरी 'हो मामा'.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं अंथुर्ण्याला आली ती या गाडीतून. निळी, दोन माणसांची, जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे पंगतीला बसल्यासारखं वाटावं. चहा पिता पिता मी सहज विचारलं, कितीनं पळते? आणि हा माणूस चक्क बोलायला लागला. गाडी जुनीच घेतलेली, पण तिच्यासाठी त्यानं किती तरी वर्षं मन मारलेलं. रस्त्यावर तिला पळवता येत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर जाण्यासाठी वर्षभर वाट बघितली, आणि आता रविवारी सकाळी नंबर लागलाय. "पूर्ण जोरात कशी पळते ते मीसुद्धा अजून बघितलेलं नाही, मामा," तो म्हणाला. डोळे असे चमकत होते की मला वाटलं, आपल्यालाही त्यात काहीतरी हातभार लावता आला पाहिजे.

शनिवारी सकाळी लेक, जावई आणि बायको मोरगावला गणपतीच्या दर्शनाला गेली, माझी जीप घेऊन. जाताना लेक चावी ठेवून म्हणाली, "आबा, ऊन आलं तर गाडी झाडाखाली घ्या. बाकी हात लावू नका."

झाडाखाली घेतली. मग वाटलं, सुरू झालीच आहे तर पंपापर्यंत जाऊन येऊ. आमच्यात कुणाचं भांडंसुद्धा रिकामं परत करत नाहीत, मग जावयाची गाडी रिकाम्या टाकीनं कशी पाठवायची? हेच आपलं वाण.

पंपावरच्या बाईनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तात्या, ह्या गाडीला साधं?"

"पेट्रोल ते पेट्रोल. कर फुल्ल."

"झाकणावर काय तरी लिवलंय बगा."

"कंपनीवाले लिहितातच. औषधाच्या बाटलीवरबी लिहितात, आमी काय तसंच फवारतो का?"

बाईनं नळी लावली. आता कळतं, फवारणीतलं माझं शहाणपणही फार काही पीक देऊन गेलेलं नाही. पण त्या वेळी मी मोठ्या ऐटीत निघालो आणि मोकळा रस्ता बघून पाय दाबला. तर इंजिनातून बारीक आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवावा तसा. पाय काढला की बंद, दाबला की पुन्हा खडखड.

तसाच गावातल्या मिस्त्रीकडं गेलो. ट्रॅक्टरपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं उघडणारा माणूस. त्यानं काय घातलं ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानं कपाळावर काळा हात मारून घेतला.

"दादा, ही गाडी पेट्रोल लई दाबून जाळती. भारीतलं असलं तर ते दाब सोसतं, ठिणगी पडली की मग जळतं. तुमचं साधं पेट्रोल ठिणगीला थांबत न्हाय. नुसत्या दाबानंच आपलं आपण पेटतं. त्याचा ठोका बसतोय आत."

"मग मोडली का?"

"न्हाय. आताच्या गाड्यांना कान असत्यात. ठोका ऐकू आला की ती सोताच जोर कमी करती, सांभाळून घेती. हळू चालवा, काय हुत न्हाय. पण कुणी सकाळधरनं दामटली, तर ती तरी किती सांभाळंल?"

रविवारी सकाळी तर तेच होणार होतं. आम्ही पेट्रोल काढायला बसलो. मिस्त्रीनं नळी आत घातली, वाकवली, फिरवली. आतल्या झडपेनं ती काही पुढं जाऊ दिली नाही. अर्धा तास एवढ्या भारी गाडीच्या अंगाशी दोन म्हातारे तोंडात नळी धरून बसलेले बघायला चहाच्या टपरीवरून माणसं उठून आली. शेवटी मिस्त्री म्हणाला, "आता जाळा फिरून."

म्हणून मी निघालो. इंदापूरला गेलो, परत आलो. बारामतीच्या दिशेनं गेलो, मोरगावहून येणारी आपलीच जीप समोर येईल या भीतीनं अलीकडूनच वळलो. आणि हे सगळं चाळीसच्या वेगानं, कारण पाय दाबायची हिंमत नव्हती. मला दुधाचा टेम्पो मागं टाकून गेला. एसटी गेली. मग लुनावर गवताचा भारा घेतलेला एक गडी शेजारून जाताना ओरडला, "काका, धक्का देऊ का?" मी हसून हात केला. काटा मात्र हलायला तयार नाही. हळू चालवलं की पेट्रोल कमी जळतं, हे मला इंदापूर-बारामतीचे एवढे हेलपाटे झाल्यावर सुचलं.

एवढ्या सावकाश गाडी चालवताना माणसाला विचार करण्यावाचून गत्यंतर नसतं. गाडी एकदाही अडली नाही, कुरकुरली नाही. अंगात किती बळ आहे ते न दाखवता माझ्या अकलेच्या मापानं चालत राहिली. आणि मला, का कोण जाणे, लेक आठवली. बारावीनंतर तिचा पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. मी म्हणालो होतो, शिक्षण ते शिक्षण, घरून एसटीनं जाऊन-येऊन होईल तेच कर. ती रडली नाही, भांडली नाही. तीन वर्षं गुमान गेली-आली, पहिली येत राहिली. मी गावभर सांगत फिरलो, बघा, काही अडलं का? पुढं लग्नानंतर तिनं नोकरी करत हवं ते शिकून घेतलं. पण त्या तीन वर्षांत ती आतल्या आत काय सांभाळून घेत होती, ते मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

दुपारी मंडळी आली, जेवणं झाली. चार वाजता दोघं निघाली. जावयानं गाडी सुरू केली, काटा बघितला आणि खाली उतरला. "मामा, तुम्ही टाकी भरलीत?" आणि आनंदानं पाया पडायला वाकला.

खरं सांगतो, त्या क्षणी गप्प बसणं फार सोपं होतं. काही झालंच असतं तर ते दूर कुठंतरी ट्रॅकवर झालं असतं, आणि जुनी गाडी म्हटलं की नशिबावर ढकलता आलं असतं. पण तो वाकलेला, आणि मागं लेक शांतपणे माझ्याकडं बघत उभी. मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि सांगून टाकलं. साधं पेट्रोल, खडखड, मिस्त्री, नळी, सगळं.

त्यानं झाकण उघडून उगाचच आत बघितलं. मग फोन काढून मित्राला म्हणाला, "उद्या ट्रॅकच्या यादीतून माझं नाव काढ. नाही जमत." पुढचा नंबर कधी, ते त्यानं विचारलंही नाही. बायको पदराचं टोक चावत उभी होती. लेक म्हणाली, "आबा, हे तुमी सांगितलंत ते बरं केलंत." एवढंच. तिचा आवाज कशानं जड झाला होता ते तेव्हाही मी विचारलं नाही.

मी जावयाला म्हणालो, "माझं चुकलं. गाडीला काय झालं असंल का ओ?" मला वाटलं, आता 'नाही मामा' म्हणेल.

तो दार उघडून आत बसला, पट्टा लावला, काच खाली केली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "गाडीला काही नाही झालं, मामा. तिला तुमच्यापेक्षा अक्कल जास्त आहे."