भुलीचे डॉक्टर आणि त्यांचा मोबाइल

डॉ. सबनीस यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी पौडच्या एका खासगी दवाखान्यात कमरेखाली बधिर होऊन पडलो होतो आणि ते माझ्या उशाशी बसून मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होते. भूल देणाऱ्याने शेवटपर्यंत रुग्णावर लक्ष ठेवायचे असते, एवढे मलाही ठाऊक होते. मी हरकत घेतली.

"काका, तुमच्या नाडीचा आवाज मशीनमधून येतोय ना? माझे कान तिकडेच आहेत." हे त्यांचे ठरलेले वाक्य.

माणूस वाईट नव्हता. हात इतका हलका, की सुई टोचल्याचे कळत नसे. मुठ्यापासून मारुंजीपर्यंत कोणत्याही दवाखान्याने बोलावले, की भर पावसातही हजर होत. परंतु रुग्ण झोपला, की यांचा मोबाइल जागा!

तहसील कचेरीसमोर बसून मी आजवर लोकांचे अर्ज लिहीत आलो. सबनीसांच्या तक्रारीचा हा पहिलाच स्वतःसाठी लिहिला. दवाखान्याच्या मालकांनी तो वाचून घडी घातली. "भाषा उत्तम आहे. पण पौडला यायला दुसरा भूलतज्ज्ञ आणू कुठून?"

पुढे माझ्या मुलीचे सिझेरियन तिथेच ठरले आणि सबनीसच आले. शस्त्रक्रियागृहाच्या दारात मी हात पुढे केला.

"मोबाइल माझ्याकडे द्या. त्याशिवाय आत सोडणार नाही."

"अहो, पुढची केस मारुंजीला आहे. फोन येतील."

"मी उचलीन."

दाराशी उभ्या आयाबाई हसल्या. "द्या की सायेब. अर्जवाले काका हायेत, न्हाईतर हितंच कलमं लावत बसतील."

त्यांनी तो नाइलाजाने दिला. फोन वाजतच राहिला. मारुंजीची परिचारिका दर वेळी विचारी, "सर निघाले का?" मी दर वेळी बजावी, "माझी मुलगी टेबलावर आहे. ते तिच्याजवळ आहेत."

अखेर सबनीस घाम पुसत बाहेर आले. "नात झाली. दोघी ठीक आहेत. मध्येच तुमच्या लेकीचा चेहरा पांढरा पडला. मशीनने बीपी दाखवायच्या आधी मला दिसलं, लगेच औषध दिलं. तोंडाकडेच पाहत होतो ना. दुसरं करायला होतं काय?"

आभार मानावेत की संतापावे, मला कळेना. तोवर त्यांनी मोबाइल घेऊन कानाला लावला आणि ते जिना उतरू लागले. मी मागोमाग धावलो.

"साहेब, मारुंजीच्या पेशंटसोबत कोण आहे?"

"नवरा असेल. का हो?"

"त्याला फोन लावा. मला बोलायचंय."