आबांनी घातलेलं तेल

आमच्या घरात तेल या विषयावर बोलायचा अधिकार एकट्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. खोबरेल नव्हे, गोडेतेलही नव्हे. ते माझं खातं. त्यांचं खातं इंजिनाच्या तेलाचं. आबांचा उभा जन्म बोटीवर गेला, तोही खाली इंजिनरूममध्ये, ऑइलर म्हणून. यंत्रांना तेल पाजायचं, हात लावून ती तापलीत का बघायचं, आवाजात जरा फरक पडला की वर साहेबाला कळवायचं, हे त्यांचं काम. त्याच आवाजाने त्यांचे कान नेले. आता त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओठ नीट हलवत बोलावं लागतं, आणि एवढं करूनही जे नको असतं ते त्यांना ऐकू येत नाहीच.

नवराही बोटीवर असतो, पण वर, डेकवर. यावरून बापलेकांची जुनी कुरबुर आहे. "डेकवाल्यांना रंग मारण्यापलीकडं काय येतं?" हे आबांचं वाक्य मी नवी नवरी असतानाच ऐकलं. नवऱ्याचं उत्तरही ठरलेलं, की इंजिनवाल्यांना दिवस कधी उगवला नि मावळला तेही कळत नाही. दोघंही वर्षातले मोजके महिने एकत्र, त्यातही हीच भांडणं. मला सुरुवातीला वाटायचं, यांचं जमत नाही. नंतर कळलं, यांचं असंच जमतं.

नवऱ्याची मोटरसायकल वर्षाचा बराच काळ पडवीत उभी असते. समुद्राकाठच्या आमच्या मांडवीची खारी हवा. उभ्या गाडीला इथे गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणून गाडी अधूनमधून फिरवून आणायची, हा घरचा नियम. आधी आबाच फिरवायचे. पुढे मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न ऐकू येईना, तेव्हा त्यांचं चालवणं बंद झालं. त्यांनी एक दिवस चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तू शिक गो. स्कूटर काय, कोण पण चालवतो."

जेट्टीच्या रस्त्यावर सकाळी सकाळी आमची शाळा भरायची. मी पुढे, आबा मागे. मांडवीत बघ्यांना काय तोटा! सून गिअरची गाडी चालवतेय आणि सासरा तिच्या पाठीवर थापा मारतोय, ही करमणूक त्यांना फुकट मिळत होती. थापांचं कारण साधं होतं. मी वळून बोलू शकत नव्हते, न वळता बोललेलं त्यांना समजत नव्हतं. मग ठरलं, एक थाप म्हणजे गिअर बदल, दोन थापा म्हणजे थांब. मला गाडी येऊ लागली तरी रविवारी आबा मागे बसायचेच. किल्ल्याचा चढ चढून भगवतीच्या देवळापर्यंत जायचं, खालच्या समुद्राकडे थोडा वेळ बघायचं, आणि परत. त्या चढावर कधी एक थाप पडली नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

दरवेळी नवऱ्याचं साइन ऑफ जवळ आलं, म्हणजे बोटीवरून सुटी होऊन तो घरी यायचा झाला, की आबा गाडीचं तेल बदलायचे. हा त्यांचा सण. आधी इंजिन जरा तापवायचं, मग खळ्यात, म्हणजे अंगणात, पाट टाकून बसायचं, खालचा बोल्ट सोडायचा, जुनं तेल पसरट डब्यात उतरू द्यायचं. त्यातला एक थेंब अंगठा आणि बोटात धरून चोळायचे आणि तोंड वर करून डोळे मिटायचे. देवाचं नाव घेतायत असं वाटावं. मी एकदा बोट पुढे केलं तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. कनवटीला एक फडकं असायचं, हात पुसायचं. त्या फडक्यालाही दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. जळकं तेल मग फाटकाच्या लाकडाला, वाळवी लागू नये म्हणून.

या खेपेला नवऱ्याचा बोटीवरून व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता म्हणाला, "आता आलो की गाडी शोरूमला देऊ. तेलबिल सगळं तेच बघतील. आबांना या वयात खाली बसायला लावू नको." त्याच्या मनात काळजीच होती, दुसरं काही नाही. पण आबा माझ्या शेजारीच बसले होते. मोबाइलच्या पडद्यावर हलणारे लेकाचे ओठ त्यांनी वाचले. टोपी उचलली आणि पुळणीकडे, समुद्राच्या वाळूवर फिरायला निघून गेले.

या माणसाच्या हातातून एकेक गोष्ट सुटत गेली होती. आधी बोट, मग कान, मग गाडीची चावी. सासूबाई गेल्यावर तर घरातला शब्दही गेला. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचंसुद्धा त्यांनी सोडून दिलं होतं. तेल तेवढं उरलं होतं. आता तेही जाणार.

दुसऱ्या दिवशी आबा धुतलेला सदरा घालून बाजारात गेले आणि तेलाचा डबा घेऊन आले. नेहमीचा नव्हे. चकचकीत, महागडा. दुकानदाराने कुठली गाडी म्हणून विचारलं, तर आबांनी त्याला झाडलं. तसं त्यांनीच मला रुबाबात सांगितलं. "म्हटलं, इंजान ता इंजान. तुज्याकडं सगल्यात भारी हाय ता दे." बोल्ट सोडला, जुनं उतरवलं, नवं भरलं. थेंब चोळून बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "असं तेल त्या शोरूमवाल्याच्या बापानं तरी बघितलं हाय काय?"

दोन दिवसांनी मी एकटीच गाडी घेऊन बाहेर पडले. सपाटीला ठीक होती. किल्ल्याच्या चढाला लागले आणि गाडीचं लक्षण बदललं. मूठ पिळावी तसं इंजिन ओरडतंय, पण गाडी काही पुढे रेटत नाही. बैल हंबरतोय आणि नांगर जागचा हलत नाही, तसं. कशीबशी वळवली आणि नाक्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने फिरवून बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, तेल कुठलं घातलंय? मी डब्याचं नाव सांगितलं. तो हसला. "वहिनी, ते चारचाकीचं. चांगलंय, पण बाइकला चालत नाही. बाइकचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडलेला असतो. हे तेल एवढं गुळगुळीत की क्लचच्या प्लेटा घसरतात. पकड राहत नाही. अजून जळल्या नसतील, पण लवकर बदला."

घरी येऊन डबा बघितला. डब्यावर मोटारीचं चित्र होतं, चांगलं हाताएवढं. आबांना ते दिसलं नव्हतं असं नाही. डब्यावर लोक काहीही छापतात, तेल हाताला काय सांगतं ते खरं, अशी त्यांची श्रद्धा. आणि बोटीवर इंजिनाला तेल वेगळं, गिअरला वेगळं, ज्याचं त्याला. एकाच तेलात इंजिन, गिअर आणि क्लच तिघं आंघोळ करतात हा दरिद्री संसार त्यांच्या हिशेबातच नव्हता. इतकी वर्षं नेहमीचा डबा आणला म्हणून निभावलं. या वेळी लेकाला दाखवायला म्हणून सर्वांत भारी आणलं, आणि नेमकं तेच नडलं.

मला रागच आला. आधी आबांचा, मग नवऱ्याचा, मग त्या चकचकीत डब्याचा. गप्प राहावं तर नवरा येऊन पहिल्याच चढावर म्हणणार, बघ, मी सांगत होतो. आबांना सांगावं तर कसं? मेकॅनिककडून गुपचूप तेल बदलून आणावं हेही मनात येऊन गेलं. पण आबा रोज गाडीची तेल मोजायची पट्टी काढून थेंब चोळणार. ज्याने जन्मभर तेल चोळलं त्याला तेलातच फसवायचं? माझं धाडस झालं नाही, आणि लाजही वाटली.

रविवारी मी नेहमीसारखी गाडी काढली. आबा मागे बसले, एक हात सीटमागच्या लोखंडी दांडीवर. किल्ल्याचा चढ लागला. मी मूठ पिळली, जरा जास्तच. इंजिन ओरडलं. ते आबांना ऐकू येणार नव्हतं. मी थापेची वाट बघत होते. गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. एक थाप पडली. मी गिअर बदलला. पुन्हा तेच. मग पाठीवर दोन थापा पडल्या, हलक्या.

आम्ही कडेला चिऱ्याच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणाजवळ थांबलो. आबा उतरले, गाडीच्या टाकीवर तळवा ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "हाताला इंजान पलतंय, नि तोंडाला वारा नाय." आणि माझ्याकडे बघितलं. "तुला आधीच कललं व्हतं ना?"

मी मान डोलावली.

"मग बोललीस का नाय?"

"तुम्ही ऐकलं असतंत?" मी समोर उभी राहून ओठ नीट हलवत विचारलं.

ते हसले. पण त्या हसण्यात जीव नव्हता. परतीच्या वाटेवर त्यांचा हात माझ्या पाठीला लागला नाही, घर येईपर्यंत दांडीवरच होता.

सोमवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. आबांनी काउंटरवर हात टेकले आणि गाडीचं नाव सांगून म्हणाले, "ह्या गाडीला कुठलं तेल लागतं ता सांग." आयुष्यात तेलाबद्दल त्यांनी दुसऱ्याला विचारलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. दुकानदाराने डबा काढला, मागची बारीक अक्षरं दाखवली. 'एमए' लिहिलेलं असलं की क्लच धरणारं तेल. आबांनी डबा माझ्या हातात दिला आणि मला ती अक्षरं मोठ्याने वाचायला लावली, ओठ दिसतील अशी. घरी येऊन त्यांनी पाट टाकला, कोऱ्यासारखं मधाच्या रंगाचं तेल खाली उतरवलं आणि नवं भरलं. उतरवलेलं सगळं फाटकाला गेलं. आमच्या फाटकाने एवढी श्रीमंती कधी बघितली नव्हती. तेव्हापासून ते कुरकुरलेलं नाही.

नवरा आला. दुसऱ्या सकाळी गाडी घेऊन किल्ल्यावर जाऊन आला आणि खळ्यात उभा राहून म्हणाला, "झकास चढतेय. आबा, मानलं तुम्हाला!"

मी मनात सुटकेचा श्वास घेतला. प्रकरण मिटलं. पण आबांनी त्याचे ओठ वाचले आणि मान हलवली. "नाय. मी चुकलो व्हतो. मोटारीचं तेल घातलेलं. क्लच जलायचा व्हता." मग सगळं सांगितलं, चढासकट, दुकानासकट. कुणी विचारलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तू बोललास ता बराबर हाय. दे शोरूमला. हात चुकायला लागला की ऑइलरनं खाली उतरायचं असतं. बोटीवरनं पण मी असाच उतरलो."

नवऱ्याचा चेहरा बघवेना. तो आता "बरं" म्हणणार, मऊपणाने म्हणणार, आणि ते मऊ "बरं" आबांना आतून खाणार, हे मला दिसत होतं. माझा तोल गेला. हातातली रोवळी मी तशीच पायरीवर आपटली.

"काही शोरूमला द्यायची नाही! वर्षभर गाडी कोण चालवतं? मी. मग तेल कुठे बदलायचं ते मी ठरवणार." मग आबांच्या समोर जाऊन उभी राहिले. "हात चुकला नाही तुमचा. डबा चुकला. कान नसताना मागे बसून नुसत्या हाताने चूक पकडलीत. पुढल्या वेळेपासून डबा मी वाचणार, बोल्ट मी सोडणार, आणि तुम्ही पाटावर बसून मला शिकवणार. मला दुसऱ्या कुणाकडून शिकायचं नाही."

माझा आवाज फुटला होता, पण आबांना तो थोडाच ऐकू येणार. त्यांना फक्त ओठ दिसत होते.

"आणि मी काय करू?" नवरा हळूच म्हणाला.

"तुम्ही फाटकाला रंग मारा."

हेही आबांनी वाचलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग ते मोठ्याने हसायला लागले. नवराही हसला. सुटी संपायच्या आत त्याने फाटक खरंच रंगवलं. तेल प्यायलेल्या लाकडावर रंग कुठला बसायला! आबांना पुढचे कित्येक दिवस तो विषय पुरला.

आता नवरा पुन्हा बोटीवर आहे. त्याच्या येण्याचं ठरलं तसा परवा मी खळ्यात पाट टाकला. दुसरा पाट आबांसाठी. पाना माझ्या हातात होता आणि बोल्ट उलटा फिरवतेय म्हणून मी दोनदा बोलणी खाल्ली. तेल उतरायला लागलं तसं आबांनी थेंब घेतला, चोळला, डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाले, "बोट दे."

मी बोट पुढे केलं. त्यांनी माझ्या बोटावर थेंब टेकवला, अंगठा त्यावर ठेवायला लावला. "काय सांगतंय?"

मी बराच वेळ चोळत राहिले. मग समोर बघून म्हटलं, "काहीच नाही, आबा."

"मला पण पैल्यांदा काय नाय सांगितलं. चोलत ऱ्हा."

असं म्हणून त्यांनी कनवटीचं फडकं काढलं. आधी माझं बोट पुसलं, मग स्वतःचं.